नवसाचा वांड कसा घडवावा

घरात किमान तीन बहिणी नसतील तर पुढे वाचू नये. एकट्या पोराला निदान स्वतःची चड्डी स्वतः शोधावी लागते आणि तिथंच सगळं बिघडतं. वांड पोरगं घडवायला घरभर माणसं राबावी लागतात.

सुरुवात नवसापासून. जालना जिल्ह्यात राहत असाल तर सोय चांगली आहे. राजूरचा गणपती आहे, अंबडची मत्स्योदरी आहे. फक्त देवाशी मोघम बोलू नये. ‘लेकरू दे’ म्हटलं की देव लेकरूच देतो आणि मग अक्का, ताई, माई अशी रांग लागते. तिन्ही खेपेला बर्फीवर भागवलेलं असतं. आता पोरगा झाला की पेढे काढावेत.

नावाला फार डोकं लावू नये. पूर्वी दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू ठेवायचे. आता कागदावर शौर्य आणि घरात बापू. मुलींच्या नावावर तर काही घरांनी तेवढाही विचार खर्च केला नाही. साताऱ्याकडे ‘नकुशा’ इतक्या निघाल्या की २०११ साली समारंभ करून २५० च्या वर मुलींची नावं बदलावी लागली.

एक सरकारी अडचण येईल. तिसरं अपत्य १२ सप्टेंबर २००१ नंतरचं असेल तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि आपला बापू चौथा. खचू नये. सरपंचकीची हौस बापानं पोराला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून, हँडल त्याच्या हातात देऊन, पारावरून दोन चकरा मारून भागवावी.

आहारात साय महत्त्वाची. पातेल्यातली वरची सगळी साय बापूच्या वाटीत, त्यावर साखर. अक्काच्या कपात दूध चहाचा रंग पालटण्यापुरतं. बापूनं वाटी अर्धी टाकली तर उरलेली अक्कानं खावी, वाया घालवू नये. तिच्या तब्येतीकडं घराचं लक्ष आहे ते असं.

आता मुख्य शिकवण. समजा, बापूनं बेचकी घेतली आणि बांधावरच्या झाडाची सुपारीएवढी हिरवी मोसंबी तोडून शेजाऱ्याच्या टाकीवर नेम धरला. चौथ्या फळाला तोटी तुटली, पाणी अंगणभर झालं, शेजारीण ओरडत आली. अशा वेळी बापानं नेम कसा आहे ते आधी बघावं. ‘लेकरूच हाय ते’ हे आजीनं म्हणावं. आईनं चुलीपुढं बसलेल्या अक्काकडं वळून विचारावं, “तुहं ध्यान कुठं व्हतं गं?” गुन्हा त्याचा, जबाब तिचा. एवढा एक नियम पाळला की बाकीचं मार्गदर्शन चुकून हरवलं तरी चालेल.

कुणी नाव ठेवलंच तर जांबचा दाखला द्यावा. घनसावंगी तालुक्यातल्या या गावात १६०८ साली जन्मलेला नारायण ठोसर झाडावर चढायचा, घरात लपून बसायचा आणि शोधून काढल्यावर विश्वाची चिंता करत होतो म्हणून सांगायचा, अशा कथा आहेत. बाराव्या वर्षी ‘सावधान’ ऐकून तो बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला. वांड पोराच्या बापाला ही गोष्ट इथपर्यंत पाठ असते. नंतरची नाशिकजवळच्या टाकळीची बारा वर्षांची तपश्चर्या त्याला आठवत नाही. आपला बापू कोठीत लपतो तो लाडवांच्या डब्यासाठी. आणि आपली अक्का त्या मांडवात असती, तर नवरा पळाल्यावर पहिला प्रश्न तिलाच आला असता.

शिक्षणात भेदभाव नसावा. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, तेव्हा अक्का-ताईंनी झेडपीच्या शाळेला आठ दिवस दांडी मारावी. बापूची पिवळी व्हॅन मात्र चुकू नये. त्याचा गृहपाठ माईनं करावा. बाई वहीवर ‘अक्षर सुंदर’ असा शेरा देतात, तो पाहुण्यांना दाखवावा.

भाऊबीजेला शंभराची नोट आईनं बापूच्या मुठीत द्यावी, बापूनं ती ताटात टाकावी, आणि फटाके संपले की तीच परत मागावी. बहिणी देतात.

जपायचं एकाच गोष्टीला. आईनं माहेरी तीन दिवस मुक्काम करू नये. ओळखीच्या एका घरात असं झालं. अक्कानं जाहीर केलं, “ताट घासल्याबिगर दुसरी भाकर नाही.” बापूनं पहिल्या दिवशी ताट आपटलं, रडला, उपाशी झोपला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप शेतातून आला तर शौर्य मोरीत उकिडवा बसून राखेनं ताट घासतोय, आणि वर विचारतोय, “अक्का, वाटी बी घासू का?” सात वर्षांची मेहनत दोन दिवसांत पाण्यात गेली. आजीला चक्कर आली.

असा घात टळला, तर पोरगं विशीत तयार होतं. मग एके दिवशी ते तिन्ही बहिणींना तहसीलला बोलावतं, गाडीभाडं देतं, उसाचा रस पाजतं आणि हक्कसोडपत्र पुढे सरकवतं. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच केला आहे, हे त्या कागदावर कुठंही लिहिलेलं नसतं. अक्का, रस पिऊन घे. सही मात्र घरी जाऊन, सगळं वाचून, मग काय ती ठरव.