दाजींची हवा

म्हैसूरला दसऱ्याच्या आधी हत्तींचा सराव चालतो, तो एकदा तरी बघावा. साडेसातशे किलोची अंबारी एकदम पाठीवर ठेवत नाहीत. आधी वाळूची पोती बांधून हत्तींना राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत पाचेक किलोमीटर चालवतात, वजन हळूहळू वाढवत नेतात, मग लाकडी अंबारी चढवतात. हत्तीच्या टाचेत चरबीची जाड गादी असते. एवढं धूड चालतं, पण पावलाचा आवाज नाही, आणि वरचं ओझं डुलतं पण आदळत नाही. हा सराव बघून लोक घरी जातात. आमचे दाजी गॅरेजमध्ये गेले.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. निवृत्त झाले आणि त्यांच्या येझ्दी रोडकिंगच्या मागे लागले. म्हैसुरात येझ्दी असणं हे जवळजवळ कुळाचार असण्यासारखं आहे. रुस्तम आणि फारोख इराणींनी 1960 साली इथे येझ्दी मोटरसायकल बनवणारी आयडियल जावा कंपनी काढली. यादवगिरीतला तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. ‘कारखाना बंद पडला, गाडी नाही पडली,’ हे वाक्य दाजी गाडी ढकलतानासुद्धा म्हणतात. या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून तोच दांडा पुढे पाडायचा की गिअर टाकायला तयार. नवखा माणूस किक शोधतो आणि दाजी त्याच्याकडे करुणेने बघतात.

तर या येझ्दीला दाजींनी मागे दुचाकी ट्रेलर जोडला. आरटीओचं त्यावर काय म्हणणं पडेल हे विचारण्याच्या फंदात ते पडले नाहीत. गाडा वसाहतीच्या फाटकाच्या आतच फिरतो. निमित्त ताईच्या लोणच्याच्या बरण्यांचं होतं. चिनी मातीच्या, आजीच्या काळच्या. गणपतीतल्या जेवणाला त्या घरून वसाहतीच्या हॉलमध्ये न्यायच्या, आणि वाटेत गतिरोधक. ट्रेलरला पाटे लावले तर बरण्यांचा चुरा होणार, म्हणून दाजींनी हवेचं सस्पेन्शन करायचं ठरवलं.

त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. 1980 च्या होंडा गोल्डविंगला हवेचे शॉकअप होते. अमेरिकेत लोक तसल्या गाड्यांमागे ट्रेलर लावून देश पालथा घालतात. आणि एवढं लांब कशाला, बेंगळुरूची ऐरावत बस घ्या. व्हॉल्वोच आहे, हवेवर तोललेली. तिच्यात एक छोटा दांड्याचा वॉल्व्ह असतो. प्रवासी चढले, बस खचली, की तो हवा आत घेतो. प्रवासी उतरले, बस वर आली, की तोच ‘फुस्स’ करून हवा सोडतो. दाजींच्या ट्रेलरला हा वॉल्व्ह नाही. त्याच्या जागी दाजी आहेत.

रबरी फुगे दोन, चाकागणिक एक. तत्त्व सोपं: जेवढं ओझं तेवढी हवा. रिकाम्या ट्रेलरला दहा पौंड पुरे. बरण्या ठेवल्या की तो बसतो, मग पंचवीस पौंडांपर्यंत पंप मारायचा. पंचवीस पौंड ठेवून रिकामा आणलात तर गतिरोधकावर बेडकासारखा उडतो. शिवाय फुगा उसळी झेलतो, पण थांबवत नाही. त्याला वेगळा शॉकअप लागतो, नाहीतर गतिरोधक मागे पडला तरी ट्रेलर आपला डुलतोच आहे.

पहिल्यांदा दाजींनी दोन्ही फुगे एकाच नळीने जोडले. दोघांना सारखी हवा, कुणावर अन्याय नको. वळणावर ओझं बाहेरच्या फुग्यावर आलं, आणि त्याने आपली हवा नळीवाटे आतल्या फुग्याला देऊन टाकली. ज्याच्यावर भार तोच बसला, ज्याला काम नाही तो टम्म फुगला. ट्रेलर बाहेरच्या बाजूला असा कलला की ताईने अंगणातूनच ‘अहो!’ अशी हाक मारली. त्या एका अक्षरयुग्मात लग्नापासूनचा सगळा पत्रव्यवहार होता. नळ्या वेगळ्या झाल्या.

मग मोजमापाचा प्रश्न आला. फुगा छोटा, त्यात हवा ती किती! गेज लावताना ‘स्स’ झालं की थोडी जातेच. एवढ्याशा फुग्यातून थोडी जाणं म्हणजे दोन-तीन पौंड जाणं. आता आमच्या वसाहतीत कुणी गाडीजवळ बसलेला दिसला की चार जण जमतात, आणि प्रत्येकाला खात्री करून घ्यायची असते. शेजारचे काका आले, मोजले, बावीस. दाजींनी पुन्हा पंचवीस केले. त्यांचा मुलगा आला, त्याने मोजले, तेवीस. ‘गळतंय कुठेतरी,’ असा निर्णय झाला. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. एक नाही. गळती गेज लावणाऱ्या हातांतून होती, पण ते सांगून शेजार कोण तोडणार?

शेवटी मंडी मोहल्ल्यातले एक जुने मिस्त्री बोलावले. त्यांनी गेजला हातच लावला नाही. ट्रेलरवर काठोकाठ भरलेला पेला ठेवला, दाजींना कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं, परत आल्यावर पेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘‘हवा कू कायकू सताते साब? वजन एकीच रखो ना.’’

दाजींना तेवढं पुरे होतं. रोज ओझं बदलतं म्हणून रोज हवा बदलावी लागते; ओझंच बदलू दिलं नाही तर? दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधकामावरून वाळू आणली, पोती शिवून घेतली आणि हत्तींच्या सरावासारखी ट्रेलरमध्ये रचली. साठ किलो, त्यातलं थोडं जास्त चाकांच्या पुढे, कारण एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा लागतो. माल मागे सरकला की ट्रेलर शेपूट हलवतो, आणि पुढे मोटरसायकल असेल तर स्वारालाही हलवतो. पंचवीस पौंड हवा भरली. गतिरोधकावरून ट्रेलर असा गेला की पेल्यातलं पाणी सांडलं नाही. काकांनीही मोजायचं टाळलं. दाजी येझ्दीवरून उतरले ते अंबारी पोचवल्यासारखे.

ताई बरण्या घेऊन दारात उभी होती. ‘‘या कुठे ठेवू?’’ तिने विचारलं.

दाजींनी पोत्यांकडे बघितलं. पोती काढली तर हवा बिघडणार होती. पोत्यांवर ठेवल्या तर वजन बिघडणार होतं. ते बराच वेळ हिशोब करत राहिले, आणि तेवढ्यात ताईने रिक्षा थांबवली. दोन बरण्या पायाशी, एक मांडीवर. माझ्या मांडीवर.