फिटरच्या आधीचा 'अ'

बोईसर स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात परवा एक पोरगा भेटला. आयटीआय झालेला, ट्रेड फिटर, एमआयडीसीतल्या एका कंपनीतून मुलाखत देऊन आलेला. बायोडेटावर पहिलीच ओळ, 'आय ॲम फिटर'. साहेबांनी लाल पेनाने मधे 'अ' घुसवला आणि सुनावलं, "आधी इंग्रजी शिकून ये." व्हर्नियर वाचता येतो का, हे विचारलंच नाही.

मला याचा संताप येतो. पोराची चूक अडाणीपणाची नाही, त्याच्या मायबोलीची आहे. मराठीत उपपद नसतंच. 'तो फिटर आहे', झालं. 'एक फिटर आला होता' म्हटलं की तो कुणीतरी अनोळखी होतो. जर्मन आणि फ्रेंचमध्ये तर उपपदांची रेलचेल, तरी ती माणसं पेशा सांगताना ते गाळतात. 'मी शिक्षक' असंच म्हणतात. उद्या तिकडचा कुणी तारापुरात यंत्र बसवायला आला आणि 'आय ॲम इंजिनीअर' म्हणाला, तर त्याच्यापुढे लाल पेन निघेल का?

खुद्द इंग्रजीही हा 'अ' गाळते. पद एकच असलं की नेमणुकीच्या वाक्यात त्याची गरज उरत नाही. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, कलेक्टरची खुर्ची आली. खुर्ची एक, म्हणून 'अपॉइंटेड कलेक्टर'. फिटर मात्र गेटागेटावर, हा त्यांतला एक, म्हणून 'अ फिटर'. एवढं आयटीआयच्या फळ्यावर पाच मिनिटांत सांगून होतं. कुणी सांगितलं नाही, तो दोष पोराचा कसा?

आणि आपल्याच मराठीत हा 'अ' खुशाल शिरलाय, त्याचं काय? 'त्या एक शिक्षिका आहेत', 'ती एक नर्स आहे'. जाहिरातीत, शाळेच्या अहवालात, निवेदकांच्या तोंडी. हा 'एक' इंग्रजीतून उचललेला. तो खोडायला कुणाचं पेन उघडत नाही.

दुकानदाराने फाइल उघडली, ओळ दुरुस्त केली, पाच प्रती काढल्या. दोन वाजता पोराला दुसऱ्या गेटवर जायचं होतं. पायरी उतरता उतरता तो थांबला.

"सर, माझा दोस्त इलेक्ट्रिशियन आहे. त्याला पण 'अ'च?"

"नाही रे, त्याला 'ॲन'. पुढे स्वर आहे ना."

त्याने फोल्डरच्या पाठीवर लिहून घेतलं.