निरस्वल देशातील बंदूकविचार

तंबूत झोपणाऱ्या मनुष्याने अस्वलापासून संरक्षणासाठी कोणते अग्निशस्त्र बाळगावे, या प्रश्नाचा आयर्लंडमधील पोर्टलीश या गावी राहून विचार करणाऱ्या अभ्यासकापुढे पहिली अडचण अशी उभी राहते की, त्या देशातील रानटी अस्वल सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच नामशेष झालेले आहे. तथापि विषयाचे मूळच नाहीसे झाले असताना त्यावर अधिकारवाणीने बोलण्याची प्रथा मराठी विद्वत्तेला नवी नाही, आणि प्रस्तुत लेखक त्या प्रथेचा निष्ठावंत पाईक असल्यामुळे, स्लीव्ह ब्लूमच्या डोंगरात, म्हणजे लीश आणि ऑफली या दोन परगण्यांमधल्या, ५२७ मीटरांपेक्षा वर न जाणाऱ्या आणि सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला टेकाडांची ओळ वाटेल अशा रांगेत, मुक्कामाला जायचे ठरताच त्याने तंबू घेण्याआधी काडतुसांचा अभ्यास हाती घेतला.

या शास्त्रातील मूलभूत संज्ञा प्रथम स्पष्ट करणे इष्ट ठरेल. बारा बोअर म्हणजे ज्या नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते ती नळी; स्लग म्हणजे छर्ऱ्यांऐवजी काडतुसात भरलेली एकच वजनदार गोळी, कारण छर्ऱ्यांनी तितर पडतो, अस्वल मात्र केवळ चिडते; आणि मॅग्नम म्हणजे तितक्याच व्यासाच्या नेहमीच्या काडतुसाहून अधिक जोराचे काडतूस, ज्याचा धक्का सोसण्यासाठी मनगट शाबूत असावे लागते. अमेरिकेतील जाणकारांचे दोन पंथ आहेत: एक स्लग भरलेल्या बारा बोअरच्या बंदुकीला मानतो, दुसरा कमरेला लावायच्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरला. लेखक प्रदीर्घ चिंतनानंतर पहिल्या पंथात दाखल झाला आणि त्याचे मंडन परिचितांच्या घरी, जेवणाआधी, जेवताना व बडीशेप चघळतानाही करू लागला. त्याने स्वतः आजवर जत्रेतील फुग्यांखेरीज कशावरही नेम धरलेला नव्हता, आणि फुग्यांनीही त्या नेमाची विशेष दखल घेतली नव्हती, ही बाब या मंडनात अनुल्लेखित राहिली.

या पंथभेदावर थंड पाणी ओतणारे संशोधन उपलब्ध आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अलास्कातील घटना तपासून असे दाखवले की, मिरचीच्या अर्काचा फवारा मारल्यावर तपकिरी अस्वलाचे नको असलेले वर्तन ९२ टक्के प्रसंगी थांबले. आणि २०१२ साली याच दोघांसह झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, १८८३ ते २००९ या काळातील २६९ प्रसंग पाहता, ज्यांनी हाताशी असलेली बंदूक चालवली आणि ज्यांनी चालवली नाही, त्यांच्या इजांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. लेखकाने हे निष्कर्ष वाचले, त्यांचे महत्त्व मान्य केले, आणि ते चर्चेत कोणी काढू नयेत अशी काळजी घेतली.

आयरिश कायद्याची भूमिका मात्र अशी टाळता येण्याजोगी नाही. १९२५ च्या अग्निशस्त्र कायद्यानुसार, आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनुसार, परवाना गार्डाचा, म्हणजे तेथील पोलिसांचा, सुपरिंटेंडेंट देतो. अर्जदाराला शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय, दोन जामीनदारांसारखी ओळखीची नावे आणि डॉक्टरकडे चौकशीची परवानगी द्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे शस्त्र कशासाठी हवे याचे ‘सबळ कारण’ सांगावे लागते. सेंटरफायर प्रकारच्या, म्हणजे ज्यात काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगी पडते अशा, पिस्तुल-रिव्हॉल्व्हरांचे नवे परवाने नोव्हेंबर २००८ नंतर दिले जात नाहीत, त्यामुळे .४४ चा पंथ येथे प्रवचनापुरताच उरतो. आणि मिरचीचा फवारा कायद्याच्या व्याख्येत अग्निशस्त्रातच मोडत असल्याने तोही खिशात बाळगता येत नाही. शस्त्रांची टंचाई आहे असे मात्र पोर्टलीशकराला म्हणता येणार नाही, कारण गावातील ज्या तुरुंगातून १९७४ च्या ऑगस्टमध्ये १९ आयरिश रिपब्लिकन, म्हणजे अखंड आयर्लंडसाठी लढणाऱ्या सशस्त्र चळवळीतले, कैदी स्फोट घडवून पळाले, त्या तुरुंगाभोवती लष्कराचा सशस्त्र पहारा अनेक दशके राहिला आहे. फक्त त्या बंदुका शनिवार-रविवारपुरत्या उसन्या मिळत नाहीत.

‘सबळ कारण’ या रकान्यात काय लिहावे याचा शोध घेताना लेखक ज्या आडवाटेला लागला, तिच्यावरून तो अद्याप पुरता परतलेला नाही. क्लेअर परगण्यातील ॲलिस आणि ग्वेंडोलिन या जोडनावाच्या गुहेत १९०३ साली उत्खनन झाले, तेथील हाडे खोक्यांत भरून संग्रहालयात गेली, आणि शंभराहून अधिक वर्षांनी त्यांतील एका अस्वलाच्या गुडघ्याच्या वाटीवरील चिरे मॅरियन डाउड आणि रूथ कार्डन यांनी तपासले, तेव्हा ते सुमारे १२,५०० वर्षांपूर्वीचे ठरले. २०१६ साली हे जाहीर होईपर्यंत आयर्लंडमध्ये माणसाचा वावर इसवी सनपूर्व ८००० च्या सुमारास सुरू झाला असे मानले जात होते. म्हणजे एका गुडघ्याने देशाचा मानवी इतिहास अडीच हजार वर्षे मागे ढकलला. चिरे कठीण हाडावर पुन्हा पुन्हा मारलेले असल्याने ते नवख्या हाताचे असावेत असा तर्क मांडला गेला आहे. या बेटावरच्या सर्वांत जुन्या ज्ञात माणसांपैकी एक हा बाहेरून आलेला, दगडी पात्याचा, अस्वलाशी कसे वागावे हे नीट न कळणारा इसम होता, हे वाचून लेखकाला प्रथमच या भूमीशी आपले रक्ताचे नाते असल्याचा भास झाला. त्या इसमाने अस्वल मारले, की ते मेलेलेच सापडले, हे वाटीवरून ठरत नाही. लेखकाने स्वतःपुरते ते मारल्याचे ठरवले आहे.

अस्वलाच्या बाजूची वंशावळ तर आणखी तापदायक आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राचीन आयरिश अस्वलांच्या हाडांतील मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे केवळ आईकडून अपत्याकडे जाणारा आनुवंशिक वारसा, आजच्या ध्रुवीय अस्वलांच्या वारशाच्या अगदी निकट आढळला, आणि हिमयुगात या दोन जातींचा संकर झाला असावा असे अनुमान निघाले. त्या संकराचे तपशील पुढील संशोधनाने वादात ओढले असले तरी आजोळचा दावा लेखकाला मोडवत नाही. आता आयरिश कायद्यानुसार ज्याची आजी या बेटावर जन्मली त्याला नोंदणी करून नागरिकत्व घेता येते, मग तो स्वतः येथे एकही रात्र राहिलेला नसला तरी चालते. स्वालबार्डच्या बर्फावर सील खात बसलेल्या अस्वलाने पिढ्यांचा तेवढा हिशेब जुळवून आणला तर त्याची कागदपत्रे उभी राहतात. उलट नोकरीच्या परवान्यावर आलेल्या, प्रत्येक युरोवर कर भरलेल्या आणि मुलांना शाळेत आयरिश भाषेचे धडे गिरवताना पाहणाऱ्या मराठी गृहस्थाला पाच वर्षांचे वास्तव्य वर्षागणिक १५० गुणांच्या हिशेबाने बँकेच्या उताऱ्यांतून, वीजबिलांतून आणि भाडेकराराच्या प्रतींतून सिद्ध करावे लागते. आपण इतकी वर्षे येथे होतो, हे विजेच्या मीटरलाच विचारावे लागावे, यात विनोद आहे हे लेखक जाणतो. तो दर वेळी सापडतोच असे नाही.

घरातील आक्षेप वेगळ्या दिशेने आला. “अस्वल नाहीये इथे. गोचीड आहे, ती पायातून वर चढते आणि लाइमचा आजार देते. तिला कुठली गोळी लागते ते सांग,” अशी पृच्छा पत्नीने केली, आणि गोचिडीच्या आकारमानाला अनुरूप नळीचा व्यास कोणत्याच पंथात निश्चित झालेला नसल्याने चर्चा मोजे पँटवर चढवण्याच्या निर्णयापाशी थांबली.

अस्वल खरोखर जेथे आहे तेथला शस्त्रविचार फार थोडक्यात आटोपतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात, ऊन चढण्याआधी ती वेचावी लागतात, आणि याच वेळी याच झाडाखाली याच फुलांसाठी अस्वलही येते. भारतीय अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या आणि फळे खाणारे आहे, त्याला माणूस खायचा नसतो. परंतु त्याची नजर अधू, ते खाण्यात गढलेले, आणि अंधारात अचानक समोर कोणी आले की ते पळण्याऐवजी अंगावर येते व पंजा बहुधा चेहऱ्यावर आणि डोक्यावर पडतो. टोपली घेऊन निघालेल्या बाईच्या हाती काठी असते, फार तर बॅटरी. तिला कोणी सबळ कारण विचारत नाही, कारण तिने कोणतेही शस्त्र मागितलेले नसते. वर्षभराच्या मिठामिरचीचा पैसा त्या फुलांत असतो आणि फुले उजाडेपर्यंत थांबत नाहीत. अलास्कातल्या टक्केवाऱ्या तोंडपाठ असलेल्या लेखकाला, ज्या राज्यात तो जन्मला तेथील अस्वलाने फाडलेला एकही चेहरा आजवर आठवावा लागला नव्हता. बारा बोअरच्या मंडनात या ठिकाणी त्याचा आवाज थोडा उतरतो, आणि तो पाणी मागतो.

त्या बायांची रीत अशी की, एकटीने जायचे नाही, चालताना मोठ्याने बोलायचे, खाकरायचे, हाका मारायच्या, म्हणजे अस्वलाला आधीच चाहूल लागते आणि ते आपल्या वाटेने जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांचा सल्लाही सारतः हाच आहे. अस्वलसंरक्षणाची हीच कसोटी मानली तर स्लीव्ह ब्लूमच्या पायथ्याशी उतरलेला मराठी कुटुंबांचा तांडा जगातील कोणत्याही शस्त्रसज्ज तुकडीपेक्षा सरस ठरतो, असे निरीक्षणान्ती म्हणता येते: कुकरच्या शिट्ट्या झाल्या, अंताक्षरीत ‘ठ’ अक्षरावरून दोन कुटुंबांत वाद पेटला, कोणीतरी दूरच्या तंबूतील भावोजींना चहासाठी दरीपलीकडून ऐकू जाईल अशी हाक घातली. रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या तंबूतील वयस्क आयरिश गृहस्थ पावसाळी टोपी घालून आले आणि अत्यंत विनयाने, हवा आज तशी बरी आहे नाही का, येथपासून सुरुवात करून, आपल्याला कसली मदत तर नको ना, अशी चौकशी करू लागले. लेखकाने त्यांना बसवले, पोहे दिले, आणि बारा बोअरच्या नळीचा व्यास कसा मोजतात ते प्रथमपासून समजावून सांगितले.