स्पेशलायझेशन निवडायचंय? पाचगणीला या!

शहरअभ्यासाच्या पदवीत एक घटका अशी येते, की विद्यार्थ्याला स्पेशलायझेशन निवडावं लागतं. वाहतूक, गृहनिर्माण, पर्यावरण की वारसा? मुलं गोंधळतात, पालकांचा प्रश्न एकच, ‘पॅकेज कशात जास्त?’ आमचा फुकटचा सल्ला : फॉर्म भरण्याआधी पाचगणीला एक चक्कर मारा.

वाहतूक घ्यायची? मे महिन्यातल्या शनिवारी वाईहून पसरणी घाट चढा. निरीक्षणाला वेळच वेळ. गाडी हलतच नाही. गृहनिर्माण? वर्षातले बरेच महिने कुलूप ल्यालेले बंगले मोजा, मग त्यांच्या बागेला पाणी घालणारा माळी किती खणांच्या खोलीत राहतो तेही विचारा. वारसा? जॉन चेसन या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात इथे सिल्व्हर ओक लावले. आज त्या झाडांचा मुख्य उपयोग म्हणजे पर्यटकांच्या गाड्यांना सावली.

पर्यावरणवाल्यांची तर चंगळच. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. म्हणजे बांधकामाला नियम कडक. म्हणूनच ‘व्हॅली व्ह्यू’च्या पाट्याही ठळक. दरीच्या कडेला हिरव्या जाळीआड काय उगवतंय, हा वनस्पतिशास्त्राचा विषय नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

राहता राहिलं पॅकेज. पालकहो, ते पाटी लावणाऱ्याचंच सगळ्यात भारी असतं, आणि त्याला कुठलंही स्पेशलायझेशन लागत नाही.