एका शून्याची शेती

बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी पीककर्जं वाटण्यात. सातबारातला सात म्हणजे मालकी आणि बारा म्हणजे पिकं, हे मला मध्यरात्री उठवून विचारलंत तरी सांगेन. 1998 साली किसान क्रेडिट कार्ड आलं, तेव्हा शाखेत त्याचे फॉर्म भरून घ्यायला मीच बसलो होतो. सोयाबीनला एकरी किती कर्ज बसतं ते तोंडपाठ होतं. सोयाबीनचं झाड दिसतं कसं, हे मात्र कुठल्याच फाइलीत नसायचं.

त्यामुळे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गच्चीवर भाजी लावायचं ठरलं आणि कुणीतरी विचारलं, "शेतीतलं कुणाला कळतं?" तेव्हा एक हात वर गेला. तो माझा होता. शेजारी बसलेल्या बायकोने तो खाली ओढायचा प्रयत्न केला, पण तोवर इतिवृत्तात नोंद झाली होती.

पहिला अडथळा सेक्रेटरींचा. ते सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते, हे कुठूनतरी वाचून आले होते. "खाली माझी बेडरूम आहे," एवढंच म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराबद्दल बरंच वाचून होत्या. थोडी माती, बाकी पालापाचोळा आणि उसाची चिपाडं. वजन निम्म्याहून कमी. मग आम्ही सतरा घरं आळीपाळीने कोपऱ्यावरच्या रसवंतीतून चिपाडांची पोती आणू लागलो. रसवंतीवाला खूश, कारण एरवी ती उचलून न्यायला त्यालाच पैसे मोजावे लागायचे. लिफ्ट मात्र पंधरा दिवस चिकट होती.

मग जीवामृत. सुभाष पाळेकरांचं प्रमाण मी वहीत उतरवून घेतलं होतं: 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती. आमचं पिंप 20 लिटरचं. म्हणजे प्रत्येक आकड्यातलं एक शून्य उडवायचं, बँकवाल्याच्या डाव्या हातचा मळ. शेण-गोमूत्राचं शून्य मी उडवलं. गुळापुढे उडवायला शून्यच नव्हतं, म्हणून 2 चे 2 राहिले. बेसनाचंही तेच. शेणाच्या दुप्पट गूळ पडला. काकूंनी पिंपात डोकावून विचारलं, "काका, हे जीवामृत आहे की म्हैसूरपाक?" मी अनुभवी माणसाचं हसू हसलो आणि काठीने ढवळत राहिलो. तीन दिवसांनी ते सगळ्या कुंड्यांना घातलं.

चौथ्या दिवशी मुंग्या आल्या. आल्या म्हणजे सहकुटुंब स्थायिक झाल्या. पाइपाच्या कडेने एक ओळ खाली उतरली ती थेट सेक्रेटरींच्या साखरेच्या डब्यात. बँकेत एवढी चूक झाली असती तर खातेनिहाय चौकशी लागली असती. इथे फक्त सेक्रेटरी जिन्यात भेटले की माझ्याकडे बघून दंड खाजवायचे.

आपल्या घरात जसा जोडधंदा, तसा मुंग्यांचाही असतो. मावा म्हणजे त्यांची दुभती जनावरं. मावा रस शोषतो, गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. त्यात ऑगस्टची ढगाळ हवा. चवळीचे कोवळे शेंडे आठवड्याभरात असे काळे झाले, जणू कुणी मोहरीत बुडवून काढलेत. आता तज्ज्ञाने काहीतरी करणं भाग होतं.

सकाळी सहाला एकटाच वर गेलो, भिंग घेऊन. आणि खरा गुन्हेगार सापडला! माव्याच्या गर्दीत काळपट, लांबट, सहा पायांची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, अगदी नखाएवढी मगर. एक नाही, पुष्कळ. दीड तास बसून मी चिमटीत धरून त्रेचाळीस मगरी चिरडल्या. ढिगाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'कीड आटोक्यात.' अठरा जणांनी अंगठे दिले. मग दुसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीचा मेसेज आला: "काका, ही लेडीबर्डची पिल्लं आहेत. ती मावा खातात. एकेक पिल्लू शेकडो खातं." खाली फोटो, माझ्याच मगरीचा. नंतर ते अठरा अंगठे एकेक करून मागे घेतले गेले.

संध्याकाळी राजीनामा द्यायलाच वर गेलो. काकू कुंडीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "बसा हो. मी महिनाभर कोथिंबिरीची वाट बघतेय. धने रगडून पेरायचे असतात हे काल कळलं." चौथ्या मजल्यावरचा इंजिनिअर सलाइनच्या नळ्या जोडून ठिबक बनवत होता. त्याने कबूल केलं की आठ दिवस मूळ नळच बंद होता आणि तो रोज मोबाइलवर 'पाणी दिलं' असं नोंदवत होता. शेवटी सेक्रेटरी खाकरले. रोज रात्री बारानंतर ते मुंग्यांच्या खडूने एकेका कुंडीभोवती गोल काढत होते. आम्हाला वाटत होतं कुणाची तरी सून हौसेने रांगोळी घालते. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत कुणी खाली गेलं नाही. दहा वर्षं एका जिन्याने चढउतार करतोय, पण इंजिनिअरचं आजोळ आणि माझं आजोळ एकाच तालुक्यात आहे, हे मला तेव्हा कळलं.

मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा झाडला, लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून फवारलं. काकूंच्या सल्ल्याने कुंड्या विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटल्यांत ठेवल्या, लाडवांच्या डब्याखाली ठेवतात तशा. ताटलीत डास होऊ नयेत म्हणून एक दिवसाआड पाणी बदलायच्या पाळ्या लागल्या. पाळी एकाची असते, वर सहाजण असतात.

पहिल्या हंगामाचा ताळेबंद मी मांडला. खर्च 8,300 रुपये. उत्पन्न चवळीच्या शेंगा, 640 ग्रॅम. किलोला पडले 12,969 रुपये. अशा प्रकल्पाला मी आयुष्यात कधी कर्ज मंजूर केलं नसतं. सतरा घरांना मिळून एक उसळ झाली, ती काकूंनी केली आणि मीठ कमी पडल्याचं कुणी बोललं नाही.

आता पावटा लावलाय. प्रमाणं काढायचं काम त्या नववीतल्या मुलीकडे गेलंय. मी चिपाडं आणतो. परवा पोतं टेकवून उभा होतो, तर बाहीवर काहीतरी येऊन बसलं. मी झटकायला हात उचलला आणि सगळी गच्ची एका सुरात ओरडली, "काका, हलू नका!" केशरी पाठ, काळे ठिपके. पावट्यावर मावा होता, तो दोन हातांवर. तो लेडीबर्ड आपणहून तिथवर जाईल की त्याला उचलून न्यावं, यावर वाद सुरू झाला. मी हात आडवा धरून वीस मिनिटं उभा. मधे चहा आला. दुसरा हातही हलवायचा नाही असं ठरल्यामुळे सेक्रेटरींनी बशीत ओतून, फुंकर घालून, तो मला पाजला.