रबरी केळं, खारं पाणी

मे महिन्यात अंजनगाव सुर्जीचा पारा पंचेचाळिशीला टेकला की गल्लीत कुणाला तरी कोकणातली तारकर्ली आठवते. महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं. दशम्या, ठेचा आणि उलटीच्या गोळ्या बांधून घ्यायच्या.

तिथं पोचलेला भाग्यवंत लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून रबरी केळ्यावर बसतो. घरच्या बागेत खऱ्या केळीचे घड भावाची वाट पाहत पिकताहेत. इथं हवा भरलेल्या केळ्यासाठी माणशी पैसे मोजून रांग. बोटवाला गर्रकन वळण घेऊन सगळ्यांना पाण्यात पाडतो, ते पॅकेजमध्येच असतं. नाकातोंडात खारं पाणी गेल्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर येतो, खाली अंगठ्यांचा पाऊस. आमच्या खालच्या अंगाला पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. तिथलं विहिरीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारंच. ते पिऊन कुणी व्हिडिओ टाकल्याचं ऐकिवात नाही.

तिथल्याच सिंधुदुर्ग किल्ल्यावर पोरं जयजयकार करतात, आनंदच आहे. पण आपल्या शेजारचा गाविलगड? 15 डिसेंबर 1803 ला तो इंग्रजांनी घेतला आणि 30 तारखेला शिंद्यांचा तह झाला तो आपल्याच गावी. पुण्या-मुंबईचे पाहुणे गाविलगडावर जातात. आपण त्यांना रस्ता सांगतो.

तारकर्लीला जायचंच असेल तर जून लागायच्या आत उरका, बापा. पावसाळ्यात ते केळं बंद असतं. घराजवळचा चिखलदरा चालू असतो.