बोटीचं बूच

कोकणात होडी पावसाळ्यात जमिनीवर येते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटतात. नांदेड-लातूरकडे सगळं उलटं आहे. इथली बोट म्हणजे पुरात माणसं काढायची बोट. ती जूनमध्ये बाहेर निघते, परतीचा पाऊस ओसरला की आत जाते आणि हिवाळा-उन्हाळा जमिनीवर काढते. या काळात तिची जी आबाळ होते, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. तक्रारीतली एकेक गोष्ट लहान आहे, पण मला त्यातली एकही सोडून द्यावीशी वाटत नाही.

लातूरला बोट कशाला, असं लोक अजूनही विचारतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पण ज्या मांजरा धरणाने तेव्हा तळ दाखवला होता, त्याच धरणाचे दरवाजे सप्टेंबर 2021 मध्ये उघडावे लागले आणि नदीकाठच्या गावांतून माणसं बोटीने काढावी लागली. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव एका रात्रीत पाण्याखाली गेली. नांदेड शहराला गोदावरी आहे, वर विष्णुपुरीचे दरवाजे आहेत, शेजारी आसना आहे. बोट लागणार, हे ठरलेलं आहे. कधी लागणार, तेवढंच ठरलेलं नसतं.

पहिली तक्रार इंजिनाची. पुराचं पाणी म्हणजे निम्मा गाळ. बोटीचं इंजिन थंड राहण्यासाठी नदीचंच पाणी आत ओढतं, त्यामुळे गाळ त्याच्या पोटात जातो. काम संपलं की इंजिनाचा खालचा भाग स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून काही मिनिटं चालवायचं, बस. एका ड्रमाचं काम आहे. तेही होत नाही. गाळ आत वाळतो, पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा चिकटून बसतो आणि पुढच्या पावसाळ्यात इंजिन भर पाण्यात तापून बंद पडतं.

त्याहून जास्त राग मला टाकीत तसंच ठेवलेल्या पेट्रोलचा येतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं. महिनोन्‌महिने पडून राहिलं की पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. कार्बोरेटरमध्ये उरलेलं थेंबभर पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो, त्याने जेटची बारीक भोकं बुजतात. उपाय अगदी सोपा. ठेवणीत टाकण्याआधी पेट्रोलची नळी काढायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. टाकी रिकामी करून ते पेट्रोल कुणाच्याही मोटारसायकलमध्ये ओतावं. गावातल्या कोणत्याही मेकॅनिकला हे माहीत असतं, पण त्याला कुणी विचारत नाही.

गिअरचं तेलही तेव्हाच बदलावं. स्क्रू सैल केल्यावर तेल दुधासारखं पांढरट निघालं, तर आत पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलंय. थंड देशांत हे पाणी हिवाळ्यात गोठतं आणि अ‍ॅल्युमिनियमचं आवरण तडकवतं, म्हणून तिकडे हिवाळ्याआधी ही तपासणी चुकवत नाहीत. आपल्याकडे ते गोठत नाही. ते आत शांतपणे गंज चढवतं आणि जुलैपर्यंत कुणाला कळत नाही.

रबरी बोटीची गोष्ट वेगळी. ती ओलीच गुंडाळतात. दुमडलेल्या चिखलाला बुरशी येते, घडीवर चीर पडते, आणि धान्याच्या गोदामाशेजारी ठेवली तर उंदीर उरलेलं काम करतात. साध्या साबणाने धुवावी, सावलीत पुरती वाळवावी, टाल्कम पावडर लावावी आणि जागा असेल तर अर्धी हवा भरून जमिनीपासून उंच ठेवावी. उन्हात मुळीच नाही. आमच्याकडचा मे महिना रबरालाही सोसत नाही. फायबरची बोट पालथी घालावी. तशी घालता येत नसेल तर ओंडक्यांवर एका बाजूला किंचित कलती ठेवून तळाचं बूच काढावं. ताडपत्री बांधावी ती खालून हवा खेळेल अशी.

लाइफ जॅकेट हा माझा सर्वांत जुना सल आहे. ती ढीग करून ठेवतात आणि ढिगावर माणसं बसतात. आतला फोम दबला की तरंगण्याची ताकद कमी होते. बाहेरून जॅकेट केशरीच दिसतं, तपासणीत पास होतं. शिट्ट्या मुलांनी काढून नेलेल्या असतात, बकलं तुटलेली असतात. जॅकेट हँगरला टांगायचं असतं. भिंतीला एक बांबू ठोकला की झालं. दोरखंडही असाच जातो, कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाला. परत आला तरी कुठे घासला आहे ते कुणी बघत नाही.

गोदाकाठचे भोई स्वतःची होडी अशी टाकत नाहीत. तिच्यावर त्यांचं पोट आहे, म्हणून ते तिचा एकेक सांधा हाताने चाचपतात. सरकारी बोटीवर कुणाचं पोट नसतं, पण जीव असतो तो गच्चीवर चढून वाट बघणाऱ्यांचा. मला हा फरक मान्य नाही.

तपासणी होते ती मे महिन्यात, मान्सूनपूर्व बैठकीच्या आसपास. तेव्हा सील, पंप, जेट मागवायचे म्हणजे सुटा भाग पुण्या-मुंबईहून येणार, बिल मंजूर होणार, तोवर मृग लागलेला. हीच यादी ऑक्टोबरात केली तर हाताशी सात महिने राहतात. शिवाय बोट ज्यांनी चालवली ते लोक तेव्हा जागेवर असतात. तिसऱ्या दिवशी इंजिन का अडखळलं, हे त्यांच्या ध्यानात असतं. मेपर्यंत त्यांतले काही बदलून गेलेले असतात, आणि कुलपाची किल्लीही त्यांच्याबरोबर गेलेली असते.

आणि ते बूच. ठेवणीत टाकताना काढतात ते बरोबर आहे. मग ते खिडकीत ठेवतात, टेबलाच्या खणात ठेवतात, कुणाच्या खिशात राहतं. मध्यरात्री फोन येतो, बोट ट्रॅक्टरवर चढते, काठावर उतरते, आणि तळाला अंगठ्याएवढं भोक उघडं असतं. चिंध्या कोंबून निघावं लागतं. वीतभर नायलॉनची दोरी घ्या, बूच बोटीच्या कडीलाच बांधून ठेवा, आणि नोंदवहीत एक ओळ लिहा की बांधलं आहे.